घोडा त्यांचा आणि घोडा यांचा

परवा एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "गुरुजी, आपल्या शिवारात पुण्याचं एक जोडपं राहायला आलंय. तुमच्याशी गप्पा मारायच्यात म्हणे त्यांना. गावाची माहिती हवीय." निवृत्त मास्तराला कुणी गप्पांना बोलावलं तर तो नाही म्हणत नसतो! गेलो.

माणसं चांगली होती, हे आधीच सांगतो. चहा दिला, बाजरीच्या पिठाची बिस्किटं दिली, वाकून नमस्कार केला. चार एकर घेतलेत, मातीचं घर बांधायला काढलंय, आणि पुण्याहून येताना आपले दोन घोडे ट्रकमध्ये घालून आणलेत. घोड्यांसाठी पत्र्याची सावली, पाण्याचा हौद, देखभालीला एक माणूस. बाई म्हणाल्या, "काका, आम्ही आता खेड्यातलं आयुष्य एन्जॉय करतोय. सगळं हाताने केलेलं, मातीतलं, अस्सल." आणि फाटकापाशी ठेवलेला एक मोठा रांजण त्यांनी मला कौतुकाने दाखवला. रांजणाला बाहेरून पांढरा ऑइलपेंट, त्यावर वारली चित्रं, आणि आत एक शोभेचं झाड.

तो रांजण मी ओळखला. आमच्याच गावच्या कुंभाराच्या हातचा होता. किंमत विचारली, तर त्या आनंदाने म्हणाल्या, "सहाशे सांगत होते, साडेतीनशेला दिला!"

मंडळी, तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते इथे लिहून टाकतो. कुणाला लागलं तर लागू द्या.

पहिली गोष्ट, शहरातल्या माणसांनी खेड्यात येऊ नये असं माझं म्हणणं मुळीच नाही. आमच्या सोनारीला माणसांचं येणं नवं नाही. काळभैरवनाथ महाराष्ट्रातल्या किती तरी घरांचं कुलदैवत आहे. चैत्रातल्या यात्रेला लांबलांबून लोक येतात, रथ निघतो, गुलाल उधळतो. देवळाच्या आवारातली माकडं येणाऱ्याच्या हातातला नारळ सरळ हिसकून घेतात, त्यात पुणेकर-मुंबईकर असा भेद करत नाहीत. (समानता शिकावी ती आमच्या माकडांकडून!) तेव्हा या, राहा, जमीन घ्या. माझं भांडण 'एन्जॉय' या शब्दाशी आहे.

त्या रांजणाचंच घ्या. रांजण कसा होतो हे त्या बाईंना ठाऊक नव्हतं. तळ्यातली, ओढ्याकाठची चिकण माती आणायची, वाळवायची, फोडायची, चाळायची, भिजत घालायची. मग तिच्यात राख आणि घोड्याची किंवा गाढवाची लीद मिसळून पायाने तुडवायची. लीद का? तर तिच्यातले बारीक तंतू ओली माती धरून ठेवतात, वाळताना तडकू देत नाहीत. पुढे आव्यात हे तंतू जळून जातात आणि मडक्याच्या अंगात बारीक छिद्रं राहतात. त्या छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेरच्या कोरड्या हवेत उडून जातं आणि आतलं पाणी गार होतं. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ जितका गार करतो तितका मुंबईच्या दमट हवेत करत नाही, त्याचं कारण हेच. चाकावर फक्त गळा आणि वरचा भाग निघतो, पोट नंतर हाताने वाढवायचं. आतून दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने हळूहळू ठोकत जायचं. मोठ्या रांजणाला दिवसच्या दिवस जातात. शेवटी आव्यात शंभर नग लावले तर किती धड निघतील हे भैरवनाथच जाणे.

एवढ्या कष्टाने जी छिद्रं राखली, ती ऑइलपेंट फासून बुजवून टाकायची आणि म्हणायचं, आम्हाला अस्सल मातीचं आवडतं! आणि वर किमतीत अडीचशे रुपये तोडल्याचा आनंद. त्याच बाईंनी पुण्यातल्या प्रदर्शनात घेतलेला चहाचा एक कप मला दाखवला. त्याची किंमत त्यांनी घासाघीस न करता मोजली होती, कारण तिथे भाव छापलेला होता. माती तीच आणि मेहनतही तीच. फरक एवढाच, की तिथल्याला कलाकार म्हणतात आणि इथला आपला कुंभार!

आमचा जिल्हा तर या बाबतीत भाग्यवान. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वी पश्चिमेकडच्या देशांशी व्यापार करणारं शहर. ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव आहे. तिथल्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती आणि भांडी मांडून ठेवली आहेत. शाळेची सहल नेली की मी मुलांना म्हणायचो, राजांच्या आधी ही भांडी बघा. राजा गेला, गाडगं राहिलं.

आणि तेर गोरोबाकाकांचं. आवडीने माती तुडवणारा हा संत. संतमेळ्यातली ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे : मुक्ताबाईच्या सांगण्यावरून काकांनी थापटणं हातात घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारून कोणतं मडकं पक्कं, कोणतं कच्चं याची परीक्षा केली. बाकीचे गप्प बसले, नामदेवांना राग आला आणि ते कच्चे ठरले. मला वाटतं, खेड्यावरचं प्रेमसुद्धा असंच थापटण्याने तपासावं. वाजवून बघावं. गार सावली, चुलीवरची भाकरी, पहाटेचा मोर, एवढ्यावर सगळेच खणखणीत वाजतात. पाणी आटलं, वीज गेली, शेजाऱ्याने बांधावरून हक्क सांगितला, म्हणजे खरा आवाज ऐकू येतो.

आता घोड्यांकडे वळतो.

घोडे घेऊन मुक्काम हलवणारे लोक आम्ही लहानपणापासून बघत आलो. ज्वारी निघाली की रिकाम्या रानांत धनगरांचा वाडा उतरायचा. पुढे मेंढरं, मागे कुत्री आणि घोड्यांच्या पाठीवर सगळा संसार : भांडी, वाकळा, जाळी, डालग्यात कोंबड्या, थकलेली कोकरं आणि कधी कधी सगळ्यांच्या वर बसवलेलं दोन वर्षांचं पोर. घोडा ठेंगणाच, पण काटक. मिळेल तो पाला खाऊन दिवसभर ओझं वाहणारा. भीमेच्या खोऱ्यातला हा भीमथडी घोडा. एके काळी मराठ्यांच्या फौजांनी याच्याच जोरावर मुलूख पालथे घातले, असं आपण इतिहासात शिकवतो. मग फौजा संपल्या आणि लोक म्हणू लागले, ही जात नामशेष झाली. ती झाली नव्हती. धनगरांच्या वाड्यावर मुकाट्याने ओझी वाहत होती! २०२४ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने भीमथडीची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद केली. घोड्यांची अशी ही देशातली आठवी जात. ती कुणी सांभाळली? कोणत्या राजाने नाही की कोणत्या क्लबाने नाही. ज्यांना एका गावात दोन रात्रींहून जास्त कुणी राहू देत नाही, त्यांनी सांभाळली.

तर हे जे चार एकर आहेत, त्यात दरवर्षी वाडा उतरायचा. जुना मालक आपण होऊन मेंढरं बसवून घ्यायचा. लेंडीखताने रान सुधारायचं, बदल्यात धनगरांना धान्य नाहीतर पैसे मिळायचे. कागद नव्हता, पण शब्द होता. यंदा वाडा आला तेव्हा तिथे तारेचं कुंपण होतं आणि 'खाजगी मालमत्ता' अशी पाटी. धनगराची घोडी तारेपाशी उभी राहिली, आतले दोन घोडे तिच्याकडे बघून खिंकाळले, आणि देखभालीच्या माणसाने दगड उचलला. हे मी पाहिलं. कायद्याने जमीन त्यांची आहे, मला मान्य. पण आतल्या घोड्यांचे फोटो काढायला लोक येतात आणि बाहेरच्या घोड्याला दगड, हे कसं मान्य करू? एकाने घोडे घेऊन घर हलवलं तर त्याचं केवढं धाडस, आणि दुसरा पिढ्यान् पिढ्या तेच करतो तर त्याचा त्रास!

मातीच्या घराबद्दलही बोललं पाहिजे. मातीचं घर म्हणजे निसर्गाशी नातं, असं ते गृहस्थ मला समजावून सांगत होते. मी त्यांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सांगितली. किल्लारी आणि आमच्या जिल्ह्यातलं सास्तूर. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. झोपेतच हजारो माणसं त्याखाली गेली. त्यानंतर इथल्या माणसाला काँक्रीटचा स्लॅब हवासा वाटला तर त्याला 'गावपण हरवलं' म्हणून हिणवू नका. मातीचं घर आजही चांगलं बांधता येतं. पण त्यासाठी जाणकार हवा, पैसा हवा, आणि नको वाटलं तर परत जायला पुण्यात फ्लॅट हवा. गावातल्या माणसाकडे यातलं काय आहे?

माझा विद्यार्थी मला म्हणाला, "गुरुजी, तुम्ही उगाच चिडता. त्यांच्यामुळे दोन माणसांना काम मिळालं. आणि आपल्या लोकांनी तरी माठ कुठे ठेवलाय? सगळ्यांकडे फ्रिज आहे."

खरं आहे. माझ्याकडेही आहे. आणि याहून मोठा गुन्हा माझा आहे, तो कबूल केल्याशिवाय दुसऱ्यावर बोट दाखवण्याचा मला अधिकार नाही. मी १९७३ साली नोकरीला लागलो. बहात्तरच्या दुष्काळाची झळ गावावरून अजून गेली नव्हती. या कुंभाराचा मुलगा पुढे माझ्या वर्गात होता. हुशार पोरगं. एकदा हाताला माती लागलेली तशीच घेऊन शाळेत आलं, तेव्हा मी भर वर्गात म्हणालो, "शीक नाहीतर आयुष्यभर चिखल तुडवशील." पोरगं शिकलं, गावाबाहेर पडलं, आज कारखान्यात आहे. त्याचं शिकणं चूक नव्हतं. माझं वाक्य चूक होतं. ज्या वर्गात मी गोरोबाकाकांवर धडे दिले, त्याच वर्गात चिखल तुडवणं ही शिक्षा म्हणून सांगितली. आता त्या घरात चाक फिरवणारे एकटे म्हातारबुवा उरलेत. परवा त्यांना म्हटलं, सरकारची विश्वकर्मा योजना आहे, १७ सप्टेंबर २०२३ पासून सुरू झालीय, अठरा कारागिरांत कुंभार आहे, अवजारांना पंधरा हजार मिळतात. म्हातारा हसला. "गुर्जी, चाक मिळंल हो. फिरवणारं कुठून आणायचं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून सांगतो, खेड्याचा नाश शहरातल्या लोकांनी एकट्याने केला नाही, आम्हीही हातभार लावला. पण जे आता प्रेमाने येतात त्यांच्याकडून अपेक्षा जास्त, कारण ते गरजेपोटी येत नाहीत, निवडून येतात. त्यांनी कुंभाराशी घासाघीस करू नये. संक्रांतीची सुगडी, अक्षय तृतीयेची केळी, नवरात्राचा घट, उन्हाळ्याचा माठ, हे वर्षभर त्याच्याकडून घ्यावं, नुसता दाराशी एक रांजण शोभेला नको. कुंपणाला वाड्यापुरतं एक फाटक ठेवावं. ग्रामसभेला यावं. टँकरच्या रांगेत आपली घागर लावावी. एवढं केलं तर खुशाल आनंद घ्या, तुमच्या आनंदावर आमचा काडीचाही आक्षेप नाही. पाहुणा दोन दिवस कौतुकाचा, तिसऱ्या दिवशी त्याने पाणी शेंदावं, अशी आमच्याकडची रीत आहे.

उठताना मी त्यांना शेवटचं एक विचारलं. "तुमच्या घोड्यांची लीद कुठे टाकता?" गृहस्थ गोंधळले. म्हणाले, "माणूस कुठेतरी लांब नेऊन टाकतो. का हो?" म्हटलं, कुंभाराने गाढवं विकली त्याला बरीच वर्षं झाली. लिदीसाठी तो गावोगाव फिरतो. तुम्ही टाकता तीच त्याच्या मातीला लागते.

काल म्हातारबुवांच्या दारात लिदीची दोन पोती येऊन पडलेली दिसली. मी लगेच एका माठाची ऑर्डर दिली आणि ते सांगतील ती किंमत आधीच हातावर ठेवली. घेताना त्यांनी थापटण्याने एक तयार माठ वाजवून दाखवला. खणखणीत!

कुंपण मात्र अजून तसंच आहे. वाडा पुढच्या वर्षी परत येईल. तेव्हा बघू, कोणतं मडकं पक्कं ते.