पाव एक रुपयाने महागला की...

रील्सवरचा ब्रेडचा सीझन काही संपत नाही. लोफ मधोमध कापायचा, आतली जाळी कॅमेऱ्यासमोर धरायची आणि खाली लिहायचं, 'बाहेरचा ब्रेड आता बंद!' हे बघूनच मीही गेल्या वर्षी घरी ब्रेड करायला घेतला. यीस्ट लवकर फुलावं म्हणून चांगलं कढत पाणी ओतलं. दोन तास झाले, तीन झाले, पीठ ढिम्म! पाणी 60 अंशांच्या आसपास गेलं की यीस्ट मरतं, हे नंतर कळलं. भाजून जे काही निघालं ते हातात घेऊन आई म्हणाली, "हे दाराला लाव, वाऱ्याने आपटणार नाही."

दुसऱ्यांदा नीट केलं. 250 ग्रॅम मैदा, छोटा चमचाभर इन्स्टंट यीस्ट, तेवढंच मीठ, चमचाभर तेल आणि बोटाला जेमतेम कोमट लागेल असं 160 मिली पाणी. दहा मिनिटं मळायचं. पीठ दुप्पट फुगेपर्यंत झाकून ठेवायचं. उन्हाळ्यात तासाभरात होतं, थंडीत दोन तासही लागतात. मग आकार द्यायचा, पुन्हा अर्धा-पाऊण तास थांबायचं आणि 200 अंशांवर पंचवीसेक मिनिटं भाजायचं. यीस्ट पिठातली साखर खातं, गॅस सोडतं आणि मळल्यामुळे चिवट झालेलं पीठ तो गॅस धरून ठेवतं. आहे काय त्यात?

आहे ना! दहा मिनिटांत माझे खांदे भरून आले. तेही पाव किलो मैद्यात. आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत सकाळी सहाला गरम लाद्या तयार असतात. म्हणजे तिथे पीठ मळून, फुगवून, भट्टीत जातं तेव्हा आपण गाढ झोपेत असतो. इतकी वर्षं वडापाव खाल्ले, पण हा हिशेब कधी डोक्यातच आला नव्हता.

म्हणूनच 'बाहेरचा ब्रेड बंद' हे काही मला पटत नाही. घरी केला म्हणून मैद्याचा काही नाचणी होत नाही. आणि वीजबिल धरलं तर तो फार स्वस्तही पडत नाही. सावरडो तरी कुठे इतकं नवीन आहे? विरजणासारखंच ते, आधीचं थोडं पीठ राखून त्यावर पुढचं फुगवायचं. गोव्यातले पोदेर तर पूर्वी माडाच्या सुरीवर पाव फुगवायचे. पण कॅफेत सावरडोच्या दोन स्लाइसना आपण दोनशे-तीनशे रुपये देतो आणि पाव एक रुपयाने वाढला की पाववाल्याशी वाद घालतो.

हा रुपया आता महत्त्वाचा आहे. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. हवेसाठी ते गरजेचंच आहे. भट्टीच्या धुरात सगळ्यात आधी तिथले कामगारच असतात. पण भट्टी बदलायला पैसा लागतो. तो सगळा बेकरीवाल्यानेच सोसायचा आणि आपण मात्र जुन्याच भावाने पाव मागायचा, हे कसं चालेल? स्वच्छ हवा सगळ्यांनाच हवी, तर खर्चातही आपला वाटा हवा.

तेव्हा ब्रेड घरी जरूर करा. ओव्हन नसेल तर जाड कढईत खाली स्टँड ठेवून, झाकण लावून मंद आचेवरही होतो. वरून तितका लाल होत नाही, पण चव मस्त. रीलही टाका, कोण नाही म्हणतंय! फक्त दुसऱ्या दिवशी पाव आणायला गेलात आणि भाव रुपयाने वाढलेला दिसला, तर खांदे किती दुखले होते ते आठवा आणि गुपचूप पैसे द्या.