एका चिपवर अडलेला खेळ

मंडळी, २०२० च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन ५ आलं आणि आपल्यापैकी कित्येक घरांतला तो नाताळ रुसव्याफुगव्यात गेला. दुकानात माल नाही, बाहेर दामदुपटीने विक्री. पोरांना वाटलं, बाबा चिक्कूपणा करताहेत! खरं कारण चिप्सची टंचाई (खायच्या नव्हे). ती २०२२ अखेरपर्यंत पुरली. गंमत म्हणजे त्यामुळे म्हाताऱ्या प्लेस्टेशन ४ चं आयुष्य वाढलं. त्याच्या चिप्स जुन्या पद्धतीच्या, करायला सोप्या. सोनीने त्याचं उत्पादन २०२२ मध्येही चालू ठेवलं.

पण सुटे भाग आयुष्य वाढवतात तसे संपवतातही. मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स आठवतो? २००१ साली आला. प्रोसेसर इंटेलचा, चित्रं काढणारी चिप एनव्हिडियाची. आता आम्ही पडलो इंजिनिअर, तेव्हा थोडं धंद्यातलं सांगतो. असं यंत्र सुरुवातीला बहुधा तोट्यात विकतात. पुढे चिप लहान होते, दोन चिप्स एकीत बसवता येतात, खर्च उतरतो, तेव्हा कुठे चार पैसे सुटतात. पण त्यासाठी चिपचा आराखडा आपल्या मालकीचा हवा. मायक्रोसॉफ्टकडे तो नव्हता! किमतीवरून एनव्हिडियाशी भांडण लवादापर्यंत गेलं, २००३ मध्ये मिटलं. आतल्या हार्ड डिस्कचा खर्चही फारसा उतरेना. २००५ मध्ये एनव्हिडियाने ती चिप करणं थांबवलं आणि चार वर्षांत एक्सबॉक्सचा कारभार आटोपला. ज्यांनी हौसेने घेतला, त्यांच्यासाठी नवे गेमही हळूहळू यायचे थांबले.

शेजारी प्लेस्टेशन २ बघा. २००० साली आलं, मुख्य चिप्स सोनीच्या ताब्यात. त्या दोन्ही पुढे एकीत बसवल्या, खोकं सडपातळ झालं, आणि उत्पादन थेट २०१३ पर्यंत चाललं. खप पंधरा कोटींच्या वर. एक्सबॉक्सचा अडीच कोटींच्या आतच. मायक्रोसॉफ्ट शहाणी झाली. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० साठी तिने चिपच्या आराखड्याचे हक्क स्वतःकडे ठेवले.

अर्थात सोनीलाही चटका बसलाच. २००६ साली प्लेस्टेशन ३ मधला निळ्या लेसरचा इवलासा डायोड पुरेसा तयार होईना. जपान-अमेरिकेला नोव्हेंबरात थोडाथोडा माल मिळाला. इंग्लंडातल्या आपल्या भाचरांना मात्र मार्च २००७ पर्यंत नुसत्या जाहिराती बघत बसावं लागलं.