बॅकची जागा बदलताना



मागच्या आठवड्यात इथे एका ताईंनी लिहिलं होतं की सुट्टीत नातवंडं येतात, पण दिवसभर टीव्हीवर फुटबॉलचा गेम खेळत बसतात, बोलत नाहीत. खाली पंचवीस-तीस जणांनी 'अगदी खरं' म्हणून माना डोलावल्या. मी काही लिहिलं नाही, कारण मला लांब लिहायचं होतं. आज लिहितो.

मी फोंड्याजवळचा. मुलगा नोकरीनिमित्त बडोद्याला स्थायिक झालाय. नातू तेरा वर्षांचा आहे. मे महिन्यात येतो तो पीएस फोर पिशवीत घालूनच. यंदा त्याने मला शेजारी बसवलं. त्याच्या गेममध्ये 'करिअर मोड' असतो. त्यात तुम्ही संघाचे मॅनेजर. त्याचा स्टॉपर जखमी झाला आणि बाकावर दुसरा नव्हता. त्याने लेफ्ट बॅकला उचलून मधे ठेवला. पडद्यावर त्या खेळाडूचा आकडा खाडकन घसरला. मग लेफ्ट बॅकच्या रिकाम्या जागी एक हाफ आणला, त्याचाही घसरला. नातू म्हणाला, "एकाला हलवलं आणि दोन बिघडले, आजोबा."

हे वाक्य मला १९८६ साली कुणी सांगायला हवं होतं.

त्या वेळी आमच्या गावाचा संघ होता. भातकापणी झाली की शेतातल्या मेरा तोडून मैदान करायचं, धसकटं तशीच, बांबूचे गोलपोस्ट. मी गोलात आणि कप्तानही. धाकटा भाऊ लेफ्ट बॅक, डावखुरा, वाऱ्यासारखा पळणारा. शेजारच्या गावाशी फायनल होती आणि आमच्या स्टॉपरला कावीळ झाली. मी भावाला मधे घेतला. पाचेक मिनिटांचा विचार, त्याहून जास्त नाही. आपल्या घरातला आहे, सांगेन तिथे खेळेल, एवढाच हिशोब.

ज्यांनी मैदानात बॅक म्हणून घाम गाळलेला नाही त्यांना वाटतं की चार जण मागे उभे राहतात, कोण कुठे याने काय होतं? फार होतं. कडेच्या बॅकच्या एका बाजूला रेषा असते. ती रेषा त्याच्या वतीने खेळते. फॉरवर्डला तिकडे ढकलत न्यायचं, पुढचं काम रेषाच करते. मधल्या माणसाला रेषा नाही. माणूस डावीकडून येईल की उजवीकडून, पुढे जाऊन अडवायचं की मागे सरायचं, दोघे आले तर कोणाला सोडायचं, हे सगळं त्याने क्षणात ठरवायचं. कडेला वाढलेल्या मुलाची मान एकाच बाजूला वळायला शिकलेली असते. आमच्याकडे जत्रेच्या नाटकात ऐनवेळी पात्र बदललं तर विंगेत निदान प्रॉम्प्टर असतो. बॅकला प्रॉम्प्टर नसतो.

गोल कसा झाला ते मी गोलातून पाहिलं. फॉरवर्ड भावाच्या उजव्या बाजूने, म्हणजे कच्च्या पायाने, निघाला. ज्याच्या जागेवर मी दुसऱ्याला उभा केला होता तो आत सरकायचं विसरला. एकच गोल. आम्ही हरलो. दुसऱ्या दिवशी तिठ्यावर सगळ्यांच्या तोंडी भावाचंच नाव. मी तिथेच उभा होतो. "त्याला तिथे मी ठेवला होता" हे पाच शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. पुढच्या हंगामात तो खेळला नाही. नंतर वास्कोला नोकरीला लागला. पुढे आम्ही दोघांनी हा विषय कधी काढला नाही.

म्हणून मला हा गेम वाईट वाटत नाही. उलट आम्हा कप्तानांपेक्षा तो प्रामाणिक आहे. चूक कोणाची ते आकड्यात आधीच दाखवतो. नातू सांगत होता की त्याच्या दुसऱ्या प्रकारात, पत्त्यांसारखे खेळाडू जमवायचे त्यात, पूर्वी कार्ड वापरून राइट बॅकला फार तर थोडा पुढे विंग बॅक करता यायचं, स्टॉपर करता येत नसे. फिफा २३ मध्ये ज्याच्या त्याच्या ठरलेल्या जागाच मिळायच्या. करिअर मोडमध्ये नवी जागा शिकवता येते, पण तिला कित्येक आठवडे लागतात असं पडद्यावर लिहून येतं. हे मला फार आवडलं. जागा बदलू नये असं मी म्हणत नाही. पाओलो माल्दिनी उजव्या पायाचा, पण मिलानसाठी वर्षानुवर्षं लेफ्ट बॅक खेळला आणि मग मधे आला. सर्जिओ रामोस २०१० च्या विश्वचषकात राइट बॅक होता, २०१२ च्या युरोत स्टॉपर. पण त्यांना वेळ मिळाला, आणि शेजारी कोण उभं आहे ते बघितलं गेलं.

आणि आपण काय करतो? मुलांची स्पर्धा असली की जो जाडा किंवा ज्याला किक जमत नाही तो बॅक. गोव्यात ब्रह्मानंद शंखवाळकर, ब्रुनो कुतिन्हो ही नावं पोराटोरांना पाठ. महेश गवळी, समीर नाईक म्हटलं की माणसं क्षणभर थांबतात. दोघेही डेम्पोचे, दोघेही भारताकडून खेळलेले. बॅकची आठवण गोल झाला तरच होते.

गेमबद्दल माझी एकच तक्रार आहे. दोन बटणं दाबली की माणूस हलतो, त्याला विचारावं लागत नाही.

त्या रात्री मी भावाला फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर विषय काढला. म्हटलं, तो गोल माझा होता. पलीकडे बराच वेळ पंख्याचा आवाज येत राहिला. मग म्हणाला, "दादा, तू विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं. तू विचारलं नव्हतंस." आणि लगेच, "पोरगा अजून जागा आहे काय? दे त्याला."

नातवाने गेममध्ये त्याच्या नावाचा खेळाडू बनवायला घेतला. लेफ्ट बॅक, डावा पाय, वेग भरपूर. मग उंची विचारली. तिकडून उत्तर आलं, पाच फूट पाच. नातवाने फोन बाजूला धरून माझ्याकडे पाहिलं.

"आजोबा, ह्यांना तुम्ही स्टॉपर केलं होतं?"