आज रात्री वीज तोडणार!

२०२२ सालची गोष्ट. रात्रीचे साडेआठ वाजले होते. माझी पुतणी रेवा दुसऱ्या दिवशीच्या गणिताच्या पेपरची तयारी करत होती. तेवढ्यात माझ्या मोबाइलवर मेसेज आला. ‘मागच्या महिन्याचे बिल अपडेट नाही. आज रात्री ९.३० वाजता तुमची वीज तोडण्यात येईल. ताबडतोब अधिकाऱ्यांना फोन करा.’ खाली दहा आकडी मोबाइल नंबर.

बिल तर मी भरलं होतं! पण खरं सांगू? पोटात गोळाच आला. पोरीचा उद्या पेपर आणि घरात अंधार? मी लगेच नंबर फिरवला. ‘अधिकारी’ अगदी गोड बोलले. म्हणाले, “एक ॲप पाठवतो, ते टाका आणि फक्त १० रुपये भरा. लगेच नोंद होईल.”

रेवाने वहीतून मान वर केली. “काका, वीज तोडायला रात्री साडेनऊला कोण येतं?”

मी फोन ठेवला. त्या खात्यात तिच्या आजीच्या ऑपरेशनसाठी जमवलेले पैसे होते. ते ॲप टाकलं असतं, तर माझ्या मोबाइलच्या पडद्यावरचं सगळं, अगदी ओटीपीसुद्धा, त्या भामट्याला घरबसल्या दिसलं असतं. दहा रुपये हे नुसतं आमिष.

अशा फसवणुकीला ‘फिशिंग’ म्हणतात. इंग्रजीतल्या मासेमारीच्याच शब्दावरून हा शब्द आला; फक्त स्पेलिंगमध्ये ‘एफ’ऐवजी ‘पीएच’. १९९०च्या दशकात अमेरिकेत इंटरनेटचे पासवर्ड चोरणाऱ्यांमुळे तो रूढ झाला. गळाला लावलेलं गांडूळ मात्र बदलत राहतं. कधी वीज, कधी बँकेचं केवायसी, कधी अडकलेलं पार्सल. २०२२मध्ये महावितरणच्या कितीतरी ग्राहकांना असेच खोटे मेसेज आले होते, बरं का! आणि गंमत बघा, २००३च्या वीज कायद्यानुसार बिल थकलं तरी वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणजे ‘आज रात्री’ या दोन शब्दांतच चोर सापडला होता. मी घाबरलो, म्हणून मला तो दिसला नाही.

मेसेजमध्ये किंवा ईमेलमध्ये लिंक असेल तर? ती दाबू नका, नुसती वाचा. ‘पुणे बेकरी, सोलापूर’ ही बेकरी कुठे आहे? सोलापुरात! वेबसाइटच्या नावाचंही तसंच, शेवटाकडे बघायचं. महावितरणची खरी साइट ‘महाडिस्कॉम डॉट इन’. पण समजा, ‘महाडिस्कॉम डॉट इन डॉट चोरोबा डॉट कॉम’ असं असेल, तर ते घर चोरोबाचं!

आता एक कागद घ्या. छोट्या लिपीतला इंग्रजी ‘आर’ काढा आणि त्याला अगदी चिकटून ‘एन’. जरा लांबून बघा. ‘एम’ वाटतो की नाही? ईमेलच्या पत्त्यात भामटे हीच युक्ती करतात.

कुणी “पैसे पाठवतोय, यूपीआयचा पिन टाका” म्हणालं, तर फोन ठेवून द्या. पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही.

आणि तरीही पैसे गेले तर? लपवू नका. लगेच घरी सांगा आणि १९३० या नंबरावर फोन लावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त. (आईबाबांनो, आधी १९३० लावा. रागवायचं नंतर बघू.)

त्या रात्री साडेनऊला मी आणि रेवा ट्यूबलाइटकडे बघत बसलो होतो. दिवे काही गेले नाहीत. मग तिने मला त्रैराशिकाची दोन गणितं घालायला लावली.