बांधू की बदलू?

चाकणच्या कंपन्यांची माणसं वाहून झिजली आणि सध्या भोसरीत पोट उघडून पडलीय. आमची १९९८ ची टेम्पो ट्रॅव्हलर! मागे गादी, छोटा ओटा, पाण्याची टाकी. कागदपत्रांचं सव्यापसव्य करून तिची कॅम्पर व्हॅन केली, त्यालाही आता चार वर्षं झाली. फ्लॅट अजून बँकेचा आहे. ही मात्र पूर्ण आमची.

तर धूर निळा यायला लागला. काळ्या धुराला फार घाबरू नका, आधी एअर फिल्टर आणि नोझल बघा. निळा म्हणजे इंजिन ऑइल पितंय! मिस्त्रीमामांनी चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडलं आणि आतून भकाभका वाफारा आला. ‘ताई, रिंगा गेल्या. उतरवावं लागतंय.’

इथून आमच्या घरात दोन पक्ष पडले. नवरा चाकणला असेंब्ली लाइनवर. रोज नवीकोरी इंजिनं बघणाऱ्याला जुन्याची माया कुठून असणार? त्याचं म्हणणं, कॉमन रेल टाकू. ऐकायला मस्त! पण नुसतं इंजिन येत नाही हो. सोबत ईसीयू, वायरिंग, नवी माउंटिंग्ज, रेडिएटरची फेरफार असं सगळं वऱ्हाड येतं. शिवाय इंजिन नंबर आरसीवर असतो. म्हणजे आरटीओची परवानगी, बिल, तपासणी. आधीच ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या हलक्या गाडीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी १० हजार झालीय.

मधला मार्ग सेकंडहँड इंजिनाचा. पूर्वी त्यासाठी कुदळवाडीत एक चक्कर मारायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली भंगाराची शेड मोठ्या प्रमाणावर पाडली. आम्हाला फोनाफोनी करून एक मिळालं, ५५ हजारांना. मामांचा अंदाज आपलंच बांधायचा, ८५ हजार. नवरा लगेच म्हणाला, ‘तीस हजार वाचतात!’ पण त्या इंजिनाने आधी किती सोसलंय, हे कोण सांगणार? उघडून बघू द्यायला विकणारा तयार नव्हता. माझ्यासाठी विषय तिथेच संपला. मी फ्रीलान्सर, माझे चेक वेळेवर येत नाहीत, असला जुगार दोनदा खेळायची ऐपत नाही.

आमच्या इंजिनाचं खानदान मात्र तगडं आहे. मूळ मर्सिडीजचं ओएम ६१६, २.४ लिटरचं डिझेल, १९७३ साली ‘२४० डी’ कारमध्ये आलेलं. बजाज टेम्पोने परवाना घेऊन ते इथे बनवलं. (२००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, पण गाडीला लोक अजून टेम्पोच म्हणतात.) सगळं यांत्रिक. पान्याने खुलतं, पान्याने बसतं.

तरी भावनेवर ८५ हजार लावायचे नव्हते. म्हणून मामांना म्हटलं, आधी मोजा, मग बोलू. ब्लॉक, हेड आणि क्रँक भोसरीतल्या एका मशीन शॉपमध्ये गेले. सिलिंडरचा व्यास जेमतेम ९१ मिलिमीटर, आणि भांडण त्यातल्या शंभराव्या भागांचं! वर, मध्ये, खाली, आडवं-उभं असं मोजतात. भोक किती लंबगोल झालंय ते त्यातून कळतं. ब्लॉकला चीर असती किंवा क्रँक शेवटच्या मापापर्यंत आधीच घासलेला असता, तर मी मुकाट्याने नवऱ्याच्या पक्षात गेले असते. क्रँक एकदाच ग्राइंड झालेला निघाला. हेडला चीर नाही, फक्त फेसिंग लागेल. ब्लॉक धडधाकट.

बांधायचं ठरलं. बोअरिंग, पिस्टन-रिंगा, बेअरिंगं, व्हॉल्व्ह, आणि डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन. हे शेवटचं पैसे वाचवायला गाळू नका, असं मामांनी दोनदा बजावलं. नवऱ्याने पिस्टन स्वतः निवडून आणले आणि आता दर संध्याकाळी शिफ्ट संपवून तोच आधी गॅरेजवर पोचतो.

पहिले हजार किलोमीटर साठच्या वर जायचं नाही, ५०० ला ऑइल बदलायचं. म्हणजे ताम्हिणी आत्ता नाही. आधी जुन्या हायवेने लोणावळा, तेही मागून हॉर्न ऐकत.