ट्रॉलीची ट्यूब काढावी काय?

पावसाळ्याआधी ट्रॉली रिकामी उभी असते तेव्हा भंडारदरा-राजूर भागातून एक विचारणा हमखास येते. मोटारीला ट्यूबलेस टायर आले, मालट्रकला आले. मग आमच्या ट्रॉलीची ट्यूब काढून टाकली तर पंक्चरची कटकट जाईल ना?

जाईल, पण टायर आणि डिस्क दोन्ही बदलाल तर. जुन्या डिस्कवर नुसती ट्यूब काढून भागत नाही.

ट्यूबलेस टायरच्या आतून हवा न झिरपणाऱ्या रबराचा थर असतो, आणि टायरची कड डिस्कला घट्ट बसून हवा अडवते. म्हणून डिस्क अखंड लागते. जुन्या जड ट्रॉल्यांच्या डिस्का पाहा. कुठे दोन भाग बोल्टांनी जोडलेले, कुठे बाजूला लॉक रिंग. त्या फटींतून हवा जाणारच. मालट्रकवाल्यांनाही १०.००-२० चा टायर सोडून ट्यूबलेस घेताना ११ आर २२.५ चे माप घ्यावे लागले; वीस इंची डिस्कवर तो बसत नाही. जुन्या मंडळींना आठवेल, बैलगाडीची लोखंडी धाव जाऊन डनलॉपची टायरगाडी आली, तेव्हा आसासकट सारे बदलावे लागले होते. तसेच हे. नव्या डिस्कची भोके आपल्या हबला जुळतात का, टायर किती भार पेलतो, हे पैसे मोजण्यापूर्वीच पाहावे. एका आसावर एकीकडे ट्यूबलेस, दुसरीकडे जुना, असा संसार मांडू नये.

फायदा आहे, तो नाकारत नाही. खिळा घुसला तर ट्यूबची हवा भसकन जाते, ट्यूबलेसची हळूहळू. भरली ट्रॉली उतारावर असताना हा फरक जिवाचा असतो. शिवाय चाक न उतरवता बाहेरून रबरी वात घालून पंक्चर निघते. बगलेला चीर गेली तर मात्र वात चालत नाही.

१९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी खाली प्रवरेकाठी ऊस पिकवते. तिथली ट्रॉली हंगामभर डांबरी सडकेने कारखान्यावर जाते. तिला हा खर्च परवडेल. धरणाच्या वरच्या अंगाला भात आणि शेणखत वाहणारी ट्रॉली खडकाळ वाटेने चालते. डिस्कची कड दगडावर आपटून वाकली की हवा गळते, आणि टायर पुन्हा बसवायला मोठा कॉम्प्रेसर लागतो. हातपंपाने ते होत नाही. काही ठिकाणी कड बसवण्यासाठी टायरात पेट्रोल शिंपडून काडी लावतात. हा खेळ कधीही करू नका. टायर फुटून माणूस मरतो. माझ्या मते अशा ट्रॉलीला चांगली ट्यूब आणि आतली फ्लॅप पट्टी पुरे.

जुनी डिस्क ठेवणार असाल तर घरातल्या तरुण पोरांना एवढे बजावून सांगा. चाक उतरवण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडायची. हबचे नट कोणते आणि डिस्कचे दोन भाग जोडणारे बोल्ट कोणते, हे आधी ओळखायचे. हवा भरलेली असताना डिस्कचे बोल्ट सैल केले तर ती तोफेसारखी उडते. लॉक रिंगच्या चाकात हवा भरताना ते लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे, नळी लांब घ्यावी, रिंगसमोर कोणी उभे राहू नये. हातोडीने रिंग ठोकत हवा भरणारा मेकॅनिक कितीही जुना असो, त्याच्याकडून चाक परत घ्यावे.

टायर कोणताही असो, हवा गार असताना तपासावी आणि टायरवर लिहिलेल्या आकड्यापलीकडे भरू नये. आषाढात ट्रॉली उभी करताना ती ठोकळ्यांवर चढवा. शेणखत वाहिले असेल तर डिस्क धुऊन, कडेचा गंज घासून रंग द्या. ट्यूबलेसची हवा बहुधा या गंजातूनच जाते. व्हॉल्व्हची टोपी हरवली असेल तर तीही लावून घ्या.