नाव टिकते, भाषा टिकवावी लागते

ग्रीक भाषेत ‘क्सेनितिया’ असा एक शब्द आहे. परदेश आणि परदेशातील वास्तव्याचे दुःख, हे दोन्ही अर्थ त्यात एकवटले आहेत.

१९४६ ते १९४९ या काळातील यादवी युद्धाने होरपळलेल्या ग्रीसमधून पुढे हजारो कुटुंबे मेलबर्नला गेली. तेथे कारखान्यात पाळी करणारा एखादा सामान्य ग्रीक गृहस्थ डोळ्यांसमोर आणा. थोरल्या मुलाला तो स्वतःच्या वडिलांचे नाव ठेवतो. आजोबांचे नाव नातवाला देण्याची प्रथा आपल्यालाही परिचित आहे. परंतु नाव टिकले म्हणजे भाषा टिकते काय?

माझ्या मते नाही. आईवडील ग्रीकमध्ये बोलतात, मुले इंग्रजीत उत्तर देतात. तिसऱ्या पिढीपर्यंत भाषा बहुधा ओसरते. हा ओघ केवळ घराला अडवता येत नाही. त्यासाठी १८९७ मध्ये स्थापन झालेल्या मेलबर्नच्या ग्रीक समाजासारख्या संस्था लागतात, चर्च लागते, शनिवारची ग्रीक शाळा लागते. ही सारी माणसांच्या वर्गणीवर आणि श्रमांवर उभी राहतात.

म्हणून दिवसभर राबून संध्याकाळी शाळेच्या सभेला जाणारा बाप कुटुंबाकडे पाठ फिरवतो, हे मला मान्य नाही. नातवाने आजीशी तिच्या भाषेत बोलावे, यासाठीच तो तेथे बसलेला असतो.

स्थलांतरिताचे चरित्र वाचताना त्याने किती मिळवले एवढेच पाहू नका. त्याने इतरांसह काय उभे केले, हेही विचारा. आपले गाव सोडून आलेल्यांनी तर हा प्रश्न स्वतःलाही विचारावा.